कॅप्टनने पुन्हा सार्जंट होणे ही शिक्षा असते का?

अमेरिकी सैन्यातला कॅप्टन सार्जंट होऊन निवृत्त झाला, तर ती कसली शिक्षा, असे आपण विचारले आहे; म्हणजे त्याच्या हातून काहीतरी गुन्हा घडला असला पाहिजे, असे आपण धरून चालला आहात. मी स्वतः तसाच निवृत्त झालो आहे आणि माझ्या नोंदीत एकही ठपका नाही.

मी १९७७ मध्ये शिपाई म्हणून भरती झालो, १९८४ मध्ये स्टाफ सार्जंट (अधिकाऱ्यांच्या खालचा हुद्दा) असताना अधिकारी प्रशिक्षण पूर्ण करून राखीव कमिशन, म्हणजे कायम अधिकाऱ्यांच्या यादीबाहेरची अधिकारपदाची नेमणूक, मिळवले आणि पुढे कॅप्टन झालो. शीतयुद्ध संपताच कपात सुरू झाली. १९८९ मध्ये सुमारे ७ लाख ७० हजारांचे असलेले खडे सैन्य १९९६ पर्यंत ५ लाखांच्या आत आले. १९९२ मध्ये सेवामुक्तीचे पत्र हाती पडले तेव्हा माझी १५ वर्षे भरली होती आणि पेन्शनसाठी २० लागत होती. शिपायांतून वर आलेल्या राखीव अधिकाऱ्याला गैरवर्तनासाठी किंवा निकृष्ट कामासाठी काढलेले नसेल, तर ६ महिन्यांच्या आत जुन्या हुद्द्यावर परत भरती होण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. मी तो हक्क बजावला.

त्या रात्री पत्नीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझे चार गणवेश पसरले आणि ब्लेडने उजव्या कॉलरवरच्या दोन पट्ट्या व डाव्या कॉलरवरचे शाखेचे चिन्ह उसवले. धुऊन धुऊन विटलेल्या कापडावर त्या जागा गडद हिरव्या उरल्या, आणि सार्जंटचे काळे बिल्ले लावल्यावरही त्यांच्या कडा दिसत राहिल्या. नव्या तुकडीतल्या पोरांनी पहिल्याच सकाळी ते हेरले, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

शब्द काढला तो माझ्या मामांनी. मामा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. "खांद्यावरचा मान उतरवून पुन्हा फिती लावल्यास. त्यापेक्षा घरी बसला असतास तर घराण्याची अब्रू राहिली असती," असे त्यांनी पत्रात लिहिले. मामांविषयी मला आदर आहे, तरीही त्यांचे म्हणणे चूक होते. भारतीय सेनेत जवानाला १५ वर्षांनी पेन्शन मिळते, पण शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांपुरता नेमलेला, अधिकारी १० किंवा १४ वर्षांनी पेन्शनशिवाय बाहेर पडतो. मामांच्याच गावचे असे एक कॅप्टनसाहेब नोकरीसाठी पुण्यात दारोदार फिरताना मी पाहिले आहेत. त्यांना परतीची वाट असती, तर "ती धरू नका" असे मामा त्यांना तोंडावर म्हणू शकले असते का?

मी १९९७ मध्ये स्टाफ सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि त्या हुद्द्याच्या शेवटच्या मूळ पगाराची निम्मी रक्कम पेन्शन म्हणून मिळू लागली. सेवेची आणि निवृत्तीची वर्षे मिळून ३० झाली, की समाधानकारकपणे सांभाळलेला सर्वोच्च हुद्दा निवृत्तांच्या यादीत परत मिळतो व पेन्शनही त्याप्रमाणे वाढते. २००७ मध्ये तसे पत्र आले, त्याची प्रत मी मामांना पाठवली. त्यांचे उत्तर आले नाही.

आपण कोणा नातेवाइकासाठी विचारत असाल, तर दोन गोष्टी आधी तपासा. शेवटच्या मूळ पगाराचा हिशेब ८ सप्टेंबर १९८० पूर्वी सेवेत आलेल्यांनाच लागू आहे, नंतरच्यांना सर्वाधिक पगाराच्या ३६ महिन्यांची सरासरी धरतात. आणि सेवामुक्तीची एकरकमी रक्कम घेतली असेल, तर ती पुढे पेन्शनमधून वळती केली जाते.