ताकद वाढली, मजा का हरवली?

प्रश्न : माझ्या नव्या गाडीचे इंजिन जुन्या गाडीपेक्षा ताकदवान आहे, तरी ती चालवताना पूर्वीसारखी मजा येत नाही. असे का?

उत्तर : चालवण्याचा आनंद ताकदीपेक्षा वजनावर आणि त्याच्या वाटणीवर अधिक अवलंबून असतो. 1989 साली आलेली माझदा या जपानी कंपनीची एमएक्स-5 ही छोटी स्पोर्ट्स कार अवघ्या 1.6 लिटर इंजिनाची होती, तरी ती आजही वाखाणली जाते, कारण ती हलकी होती आणि तिचा भार पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ सारखा विभागलेला होता. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडला, की पुढच्या टायरांवरील भारामुळे गाडी सहज आत वळते आणि स्टीअरिंगच्या बदलत्या जडपणातून पकड किती उरली आहे, हे हाताला कळते. माझ्या मते खरी गंमत तीच! तुम्ही मात्र आधी टायरांतील हवा तपासून घ्या.