फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीवर ट्रॅक्टरची पीटीओवाली अवजारं चालवता येतील का?

येतील, पण सगळी नाही. पीटीओ म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता शाफ्ट. आधी ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला, पीटीओ जोडायची सोय आहे का ते बघा. 1945 ची विलीज सीजे-2ए जीप आणि 1948 ची लँड रोव्हर यांना ती मिळायची. युनिमॉग ही जर्मन गाडी तर मुळात शेतीसाठीच बनली. आजच्या बहुतेक एसयूव्हींत तशी जागाच नसते.

गाडी उभी ठेवून पंप, जनरेटर, लाकडाची करवत खुशाल चालवा. मात्र गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग आपोआप स्थिर ठेवणारं यंत्र, हवाच. बहुतेक अवजारांना मिनिटाला 540 फेरे लागतात. करवत लाकडात शिरली की इंजिन दबतं, ओंडका तुटला की एकदम उसळतं. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून हे सांभाळणं अशक्य. उभ्या गाडीला समोरून वाराही लागत नाही, म्हणून तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा.

फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरचा नाद मात्र सोडा. त्याला पूर्ण फेरे आणि ताशी 2 ते 4 किमीची संथ चाल एकाच वेळी लागते. साधारण गाडी लो रेंजमध्येही (सगळ्यात संथ गिअरांतही) पुढे पळते, आणि हाफ क्लचवर रेटलीत तर क्लच जळतो.

शाफ्टवर गार्ड नसेल तर काहीही सुरू करू नका. सैल बाही त्यात गुंतली की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.