जुन्या सेलबोटीचा संडास: नवा घेण्याआधी पाइप बघा

तुम्ही जे सांगताय, म्हणजे बोट 35-40 वर्षं जुनी, हातपंपाचा संडास, पंप मारून झाला की थोड्या वेळाने भांड्यात घाण पाणी परत येतं, दांडा जड चालतो, केबिनमध्ये वास जात नाही आणि म्हणून आता सगळं काढून इलेक्ट्रिक बसवायचा विचार चाललाय, तर थांबा जरा. या तीनही तक्रारी नवा संडास बसवूनही तशाच राहू शकतात, कारण बहुतेक वेळा दुखणं भांड्यात नसतं, ते पाइपात आणि दोन-चार रबरी भागांत असतं.

काहीही खोलण्याआधी दोन्ही सीकॉक, म्हणजे बोटीच्या अंगातल्या भोकांवरचे नळ, बंद. आत पाणी घेणारा आणि बाहेर टाकणारा, दोन्ही. संडासाचं भांडं बऱ्याच बोटींवर वॉटरलाइनच्या, म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या, खाली असतं, त्यामुळे एक पाइप सुटला तर समुद्र सरळ आत येतो आणि बोटी खरंच अशा बुडल्यात. हँडल फिरतच नसेल तर त्याला लांब पाइप लावून जोर मारू नका, ते तुटलं की मोठं संकट, सरळ बोट पाण्याबाहेर काढायची वेळ येईपर्यंत तो जोड हलवायचा नाही. पाणी आत घेणारा कॉक नीट बंद होतोय का हे बाहेरचा उघडा ठेवून पंप मारला की कळतं, पाणी यायला नको. बाहेरचा मात्र बंद ठेवून पंप मारून बघू नका, दाब पाइपावर येतो आणि जुना पाइप जोडातून निघतो. प्रत्येक कॉकला मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा, काही तुटलं तर भोकात ठोकायला, ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक करत नाहीत.

आता परत येणारं पाणी. ते घाण असेल तर पंपाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी असलेली जोकर व्हॉल्व्ह गेली. बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते ती, चोच बाहेरच्या पाइपाकडे करून बसवायची, उलटी बसली तर काहीच पुढे जात नाही. मोसमाला एकदा बदलावी इतकी ती साधी वस्तू आहे. पण एक लक्षात घ्या, नवी झडपसुद्धा शंभर टक्के पाणी धरून ठेवत नाही, वर चढणाऱ्या पाइपात जे उरतं ते हळूहळू खाली येतंच. म्हणून पंप पुरेसा मारायला हवा. 38 मिमीच्या पाइपात मीटरला साधारण 1.1 लिटर पाणी मावतं, तुमचा पाइप तीन मीटर असेल तर जवळपास साडेतीन लिटर पुढे ढकलल्याशिवाय तो साफ होत नाही, आणि पाहुणे मंडळी चार दांडे मारून दार उघडतात. उलट स्वच्छ समुद्राचं पाणी आपोआप भांड्यात चढत असेल तर ते आत घेणाऱ्या बाजूचं काम आहे आणि ते जास्त धोक्याचं, त्याचं पुढे सांगतो.

दांडा जड का, हे असं ओळखा: बाहेरचा कॉक उघडा ठेवा, पाणी घ्यायची खटकी कोरड्यावर करा आणि पंप मारा. वर-खाली दोन्हीकडे जड असेल तर पिस्टनच्या ओ-रिंगचं (गोल रबरी कड्याचं) वंगण संपलंय, सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियमचं ग्रीस नको, रबर फुगतं. फक्त खाली दाबताना जड असेल तर बाहेरची वाट तुंबलीय, आणि एवढ्या जुन्या बोटीवर ते तुंबणं म्हणजे क्षार. लघवी आणि समुद्राचं पाणी मिळून पाइपाच्या आत दगडासारखा थर धरतात, 38 मिमीचा पाइप कापून बघितला तर मधे अंगठा जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं असतं. पातळ थर असेल तर व्हिनेगर रात्रभर ठेवून उतरतो. जाड थराला लोक पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात, पण ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येता कामा नये, विषारी क्लोरीन वायू होतो आणि बोटीवरचा संडास म्हणजे बंद खोली. माझं मत विचाराल तर एवढा जुना पाइप साफ करत बसू नका, बदला.

वासासाठी एक सोपी परीक्षा आहे, गरम पाण्यात फडकं भिजवून पिळून पाइपावर घासा आणि फडक्याचा वास घ्या. वास आला म्हणजे पाइपाच्या भिंतीतूनच झिरपतोय, त्याला कुठलंही औषध चालत नाही. आणि वास फक्त पहिल्या दोन-चार दांड्यांना येत असेल तर दोषी आत येणाऱ्या पाइपातलं साचलेलं समुद्राचं पाणी, त्यातले बारीक जीव मरून कुजतात. बोट सोडून जाताना शेवटी त्याच पाइपातून गोडं पाणी ओढून पंप करून ठेवलं की हे बरंच थांबतं.

हे सगळं करूनही सिलिंडरला आतून ओरखडे असतील, भांड्याला तडा असेल किंवा सुटे भाग मिळतच नसतील तर बदला. त्यातही भांडं चांगलं असेल तर बऱ्याच मॉडेलचा अख्खा पंप तयार मिळतो, जुना काढून तो बसवायचा, किटमधले एकेक वायसर लावत बसण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. पूर्ण नवा घेताना बोल्टची भोकं, दांडा कुठल्या हाताला येतो, पाइपाचं तोंड कुठे वळतं आणि झाकण उघडल्यावर बोटीच्या भिंतीच्या उताराला लागतं का, हे मोजून घ्या. खालचं प्लायवूड टोचून बघा, कुजलेलं असलं तर आधी ते करा, जुनी भोकं एपॉक्सीने भरा आणि जिथे हात पोचतो तिथे स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घाला, कारण बोट कलली की माणसाचा सगळा भार त्या बैठकीवर येतो. इलेक्ट्रिकचं म्हणाल तर 12 व्होल्टवर 15-20 अँपिअर ओढणारी मोटर असते, जाड वायर आणि वेगळा फ्यूज लागतो, जुन्या वायरिंगवर जोडली तर व्होल्टेज पडून मोटर अडखळते. तुमच्या बोटीवर मी हातपंपच ठेवला असता, रात्री बॅटरी उतरलेली असली तरी तो चालतो.

बसवताना व्हेंटेड लूप विसरू नका, म्हणजे पाइपाचा वर नेलेला उलट्या U सारखा वळसा, ज्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप असते. तो नसला किंवा ती झडप क्षाराने चिकटली तर सायफन होऊन, म्हणजे समुद्राचं पाणी आपोआप ओढलं जाऊन, भांडं भरत जातं आणि मग केबिन; मघाशी म्हटलेलं स्वच्छ पाणी चढतं ते असंच. बोट कललेली असतानाही तो वॉटरलाइनच्या वर राहिला पाहिजे. पाणी घेणाऱ्या बाजूचा लूप पंप आणि भांड्याच्या मधे घाला, कॉक आणि पंपाच्या मधे घातला तर पंप हवा ओढतो आणि पाणी उचलत नाही, ही जागा बरेच जण चुकतात.

जुना पाइप ओढून निघत नाही, लांबीत चीर द्या, खालच्या नळीला पातं लागू देऊ नका. नव्याचं टोक गरम पाण्यात धरलं की मऊ होऊन चढतं. वॉटरलाइनखालच्या प्रत्येक जोडाला जागा असेल तिथे स्टेनलेसचे दोन क्लॅम्प, स्क्रूसकट 316 जातीच्या स्टेनलेसचे. मग कॉक एकेक उघडा, प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळा आणि तासाभराने बघा, कुठे ओलसर लागला तर क्लॅम्प पुन्हा आवळा.