नवा पार्ट बसवला आणि डिस्प्ले गेला: वाचकांचे प्रश्न

खालचे काहीही करून पाहण्याआधी एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचे बटण बंद करा, पिन सॉकेटमधून काढा आणि कॅबिनेटचे पॉवर बटण पाचेक सेकंद दाबून धरा. आत उरलीसुरली वीज त्याने निघून जाते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा बोट लावा आणि मगच पार्ट हातात घ्या.

प्रश्न: आय५-१०४०० प्रोसेसर असलेल्या पीसीत आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड टाकले. पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॅटचा आहे. दुकानदार तो बदलायला सांगतो. बदलू का? (नाशिक)

बदलावा लागेल, पण या दुखण्यासाठी नाही. कमी ताकदीचा एसएमपीएस सहसा मशीन सुरू होताना दगा देत नाही, तो गेम सुरू झाल्यावर देतो. मशीन अचानक बंद पडते किंवा रीस्टार्ट होते. मुळात डिस्प्लेच नसेल तर कारण बहुधा केबलमध्ये असते.

आधी कॅबिनेटच्या मागे बघा. एचडीएमआय केबल अजून वरच्या उभ्या पट्टीत, म्हणजे मदरबोर्डच्या पोर्टात असेल, तर ती खालच्या आडव्या पोर्टांपैकी एकात लावा. कार्ड बसले की बरेच मदरबोर्ड स्वतःचा डिस्प्ले आपोआप बंद करतात. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, आणि यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरे म्हणजे कार्डाच्या वरच्या कडेचा पॉवर सॉकेट. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. हे कार्ड १७० वॅटचे आहे, त्यामुळे बाकीची वीज त्या आठ पिनी केबलनेच यायला हवी. प्रोसेसरची केबलही आठ पिनीच असते, पण तिचे दोन भाग ४+४ असे सुटतात, कार्डाच्या केबलचे ६+२ असे. प्रोसेसरची केबल कार्डात जोर लावून घालू नका, तिच्यातले प्लस-मायनस उलट असते. तिसरे, कार्ड स्लॉटच्या टोकाच्या खटक्यापर्यंत बसले आहे का? स्क्रू आवळताना मागची बाजू खाली जाते आणि पुढचे टोक केसभर वर उचलले जाते. तेवढ्यानेही डिस्प्ले जातो.

एवढे करूनही काही दिसत नसेल तर कार्ड काढा आणि केबल मदरबोर्डला लावा. १०४०० मध्ये अंगचे ग्राफिक्स आहे. डिस्प्ले आला तर बाकी मशीन ठणठणीत आहे, संशय फक्त कार्डावर. (मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असता, उदाहरणार्थ १०४००एफ, तर ही चाचणी करता आली नसती.)

आता एसएमपीएस. खोक्यावरचे ‘४५०’ विसरा आणि अंगावरच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिले आहेत ते वाचा. तिथे १८ असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड १७० घेते, प्रोसेसर थोड्या वेळासाठी १३० च्या आसपास जातो. तीनशे इथेच झाले. या कार्डासाठी एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे. नवा मॉड्युलर (सुट्या केबलींचा) एसएमपीएस घेतलात तर त्याच्याच केबल वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल सॉकेटात बसते, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि पहिल्याच स्टार्टला हार्डडिस्क जळते.

प्रश्न: माझा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीए पोर्टचा आहे. नव्या कार्डाला व्हीजीए नाही. कन्व्हर्टर आणला, तरी काळी स्क्रीन. (सोलापूर)

कन्व्हर्टरवरचा बाण बघा. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ दिसायला जुळे भाऊ, पण एकाचे काम दुसरा करत नाही. तुम्हाला पहिला हवा. त्याला छोटे यूएसबी शेपूट असेल तर तेही लावा, काही कन्व्हर्टर त्या विजेशिवाय चालत नाहीत. चिप नसलेली साधी एचडीएमआय-व्हीजीए केबल घेऊ नका. कार्डातून डिजिटल सिग्नल निघतो, मॉनिटरला अॅनालॉग लागतो, आणि नुसत्या तारेने एकाचे दुसरे होत नाही.

प्रश्न: बी४५० मदरबोर्डवर रायझन ५ २६०० काढून रायझन ५ ५६०० बसवला. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, बोर्डवर ‘सीपीयू’ लिहिलेला दिवा पेटून राहतो. प्रोसेसर खराब निघाला का? (पुणे)

शक्यता कमी. बी४५० चिपसेट २०१८ चा, ५६०० हा प्रोसेसर २०२२ चा. बोर्डातला बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) त्याआधीचा असेल तर तो या प्रोसेसरला ओळखतच नाही. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या ‘सीपीयू सपोर्ट’ यादीत कोणत्या बायोस आवृत्तीपासून ५६०० चालतो ते दिलेले असते. मॉडेलबरोबर बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबरही जुळवा, १.० चा बायोस २.० ला चालेलच असे नाही.

काम असे करा: जुना २६०० परत बसवा, मशीन सुरू करा, बायोसची फाइल एफएटी३२ ने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि बायोसमधल्याच अपडेट पर्यायातून चढवा. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी चढवावी लागते, ते डाउनलोडच्या खालच्या टिपेत लिहिलेले असते आणि नेमकी तीच टीप कोणी वाचत नाही. वीज जाण्याचा भरवसा नसेल त्या दिवशी यूपीएसशिवाय हे करू नका. बोर्डाला ‘बायोस फ्लॅशबॅक’चे बटण असेल तर प्रोसेसर न बदलताही काम होते, मात्र फाइलचे नाव मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे बदलावे लागते.

प्रोसेसरची अदलाबदल करताना एक धोका आहे. एएम४ (तुमच्या बोर्डाच्या सॉकेटचा प्रकार) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि थर्मल पेस्ट सुकली की कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटातून उपसून वर येतो. पिना तिथेच वाकतात. म्हणून कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटे चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हळूच फिरवत सोडवा. सरळ वर ओढू नका. आत्ता तुमच्या मशीनमध्ये ५६०० आहे आणि डिस्प्ले नाही, तरी प्रोसेसर थोडाफार तापतोच, शिवाय तुमची पेस्ट ताजी आहे. तेवढे पुरेल.

नवा प्रोसेसर ओळखला गेला की पहिल्यांदा काळ्या स्क्रीनवर ‘एफटीपीएम’विषयी (प्रोसेसरमधला सुरक्षा-किल्ल्यांचा साठा) इंग्रजी मजकूर येऊन वाय की एन असे विचारले जाते. वाय म्हणजे तो साठा पुसणे. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर वाय दाबू नका. एन दाबा आणि आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ती की शोधून कागदावर उतरवा. खरे तर बायोसला हात लावण्याआधीच बिटलॉकर ‘सस्पेंड’ करून ठेवले असते तर हा घोळ झाला नसता.

प्रश्न: ८ जीबी रॅमच्या जोडीला आणखी ८ जीबी टाकली. मशीन दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होते आणि स्क्रीन काळीच. (ठाणे)

हे बंद-चालू होणे म्हणजे बोर्ड रॅमचा वेग जुळवून पाहतो आहे. थोडा वेळ द्या. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) असेल तर पहिल्या स्टार्टला काही मिनिटेही लागतात, आणि मशीन मेले समजून मध्येच स्विच बंद केला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

दहा मिनिटांतही काही आले नाही तर दोन्ही स्टिक काढा. एकेक स्टिक एकटी लावून बघा. चार स्लॉटच्या बोर्डात प्रोसेसरकडून मोजत दुसरा स्लॉट एकट्या स्टिकचा, आणि दुसरा-चौथा मिळून जोडीचा. अंगठ्याने दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन खटका स्वतःहून मिटला पाहिजे. बऱ्याच बोर्डांत एकाच बाजूला खटका असतो, तिथे दुसरे टोक अर्धवट राहून जाते. दोन्ही एकेकट्या चालतात पण जोडीने नाही? मग बायोसमधले एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा. २६६६ ची जुनी आणि ३२०० ची नवी असली तर दोन्ही कमी वेगानेच चालणार. बायोसपर्यंतच पोचता येत नसेल तर मशीनची पिन काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटे बाहेर ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात.

खोडरबरने सोनेरी पट्टी पुसायचा उपाय जुन्या, काळवंडलेल्या रॅमला लागू पडतो. नव्या स्टिकला त्याची गरज नसते, आणि रबराचा भुगा स्लॉटात गेला तर नवेच दुखणे.

प्रश्न: २०१७ चा पीसी. हार्डडिस्कवरची विंडोज क्लोन करून (जशीच्या तशी नक्कल करून) एम.२ स्लॉटात बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीवर घेतली. जुनी डिस्क काढली की ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’. (कोल्हापूर)

तुमची जुनी डिस्क बहुधा एमबीआर पद्धतीची (पार्टिशन नोंदवण्याची जुनी रीत) आहे आणि मशीन लेगसी, म्हणजे जुन्या मोडमध्ये बूट होते. एनव्हीएमईवरून बूट व्हायला साधारणपणे यूईएफआय हा नवा मोड लागतो आणि यूईएफआयला जीपीटी या नव्या पद्धतीची डिस्क. क्लोनने जुनी पद्धत जशीच्या तशी उचलली. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्कच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल दिसते.

जुनी डिस्क परत लावा आणि महत्त्वाच्या फाइल बाहेर काढून ठेवा. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचे साधन असते. ते अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून आधी फक्त तपासणीच्या, म्हणजे ‘व्हॅलिडेट’ पर्यायाने चालवा, पास झाले तरच ‘कन्व्हर्ट’ने. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देते. मग बायोसमध्ये सीएसएम (लेगसी मोडची सेटिंग) बंद करा, जुन्याच डिस्कवरून एकदा बूट होऊ द्या आणि त्यानंतर क्लोन पुन्हा करा. या वेळी फक्त सी ड्राइव्ह नव्हे, तर शंभरेक एमबीच्या ईएफआय (बूटच्या फाइल असलेल्या) पार्टिशनसकट पूर्ण डिस्क घ्या. पहिला बूट जुनी डिस्क काढूनच करा, नाहीतर दोन जुळ्या विंडोजमध्ये मशीन गोंधळते.

दुसरी एखादी सॅटा डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर घाबरू नका. काही बोर्डांत एम.२ स्लॉट भरला की एक-दोन सॅटा पोर्ट बंद होतात. केबल दुसऱ्या पोर्टात हलवा.

प्रश्न: नवे कार्ड, विंडोजचा लोगो येतो आणि मग स्क्रीन काळी. आवाज मात्र येतो. (छत्रपती संभाजीनगर)

लोगो आला म्हणजे कार्ड, केबल आणि मॉनिटर सगळे चालू आहे, अडचण ड्रायव्हरची. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाही जमले तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असे तीनदा केले की रिकव्हरीचा निळा पडदा येतो. तिथून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन ४ दाबा. सेफ मोडमध्ये जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढून टाका, इंटरनेटची केबल काढा म्हणजे विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर उतरवणार नाही, आणि दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राइव्हने आणलेला नव्या कार्डाचा ड्रायव्हर चढवा.