बडोद्यातल्या आमच्या लॅबमध्ये उंदराच्या फुफ्फुसात व्हिमेंटिन (पेशीच्या सांगाड्यातलं तंतुमय प्रथिन) बघायचंय. रॅबिट पॉलिक्लोनलने (सशात बनवलेल्या मिश्र अँटीबॉडीने) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं जेलवर आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधतात त्यात, ५७ किलोडाल्टनच्या खाली आणखी दोन-तीन बँड येतात. त्याऐवजी माउस मोनोक्लोनल (उंदराची, एकाच प्रकारची अँटीबॉडी) घेऊ का?

ऊतक उंदराचं आहे ना, मग रॅबिटच राहू द्या. माउस अँटीबॉडी लावलीत की अँटी-माउस सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला धरून बँड दाखवणारी दुसरी) उंदराच्या स्वतःच्या आयजीजीलाही, म्हणजे ऊतकातल्या अँटीबॉडीलाही, चिकटणार. त्या आयजीजीची हेवी चेन (मोठी साखळी) ५० किलोडाल्टनच्या आसपास, व्हिमेंटिन ५७ला. छोट्या जेलवर हे दोन बँड वेगळे ओळखताना नाकी नऊ येतात.

खालच्या बँडचं खापर मी लगेच अँटीबॉडीवर फोडणार नाही. व्हिमेंटिन तुटतं फार. कॅल्शियम मिळालं की कॅल्पेन हे एन्झाइम त्याचे तुकडे पाडतं, आणि पॉलिक्लोनल रेणूवरच्या अनेक जागा ओळखत असल्याने ते तुकडेही दाखवते. मोनोक्लोनल एकच जागा ओळखते. ती जागा ज्या तुकड्यावर नाही तो दिसतच नाही, आणि ब्लॉट उगाच सोवळा वाटतो. तेव्हा आधी लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) तपासा. प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स थांबवणारा) ताजा हवा, कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए हवं, काम बर्फावर.

आणि पेलेट (सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी बसणारा गाळ) फेकत असाल तर थांबा. व्हिमेंटिनचे तंतू बफरमधल्या ट्रायटन डिटर्जंटला दाद देत नाहीत. तळाशी तो पांढरट चिकट गोळा राहतो ना, टिपला लागून तार धरतो तो, बरंचसं व्हिमेंटिन त्यातच असतं. एसडीएस या कडक डिटर्जंटच्या सॅम्पल बफरमध्ये उकळा, जरा सॉनिकेट करा (ध्वनिलहरींनी फोडा) आणि मग जेलवर चढवा.

अँटीबॉडीची परीक्षा घ्यायची तर स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी आणा. त्यांच्यात व्हिमेंटिन जवळजवळ नसतंच, त्याच कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशींमध्ये भरपूर. दोन्ही पुण्याच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून) मिळतात, पण त्याआधी शेजारच्या लॅबला विचारा, चहावर काम होतं. एमसीएफ-७च्या लेनमध्येही ठळक बँड आला तर अँटीबॉडी भलतंच काही धरतेय. या पेशी माणसाच्या, म्हणून डेटाशीटवर माणूस आणि उंदीर दोन्ही लिहिलेत का ते बघा. एक पट्टी नुसत्या सेकंडरीचीही ठेवा.

पॉलिक्लोनलची खरी खोट लॉटमध्ये (एका वेळी बनवलेल्या खेपेत) आहे. ससा बदलला की सीरम बदललं. पीएचडीभर पुरेल एवढी एकाच लॉटची घ्या, कच्चं सीरम नको, ॲफिनिटी-प्युरिफाइड (नेमक्या प्रथिनाला चिकटणाऱ्याच अँटीबॉडी वेगळ्या काढलेली) घ्या. लॉट नंबर वहीत हवाच. नवा लॉट आला की जुन्याशेजारी चालवून बघायचा.

मीही बडोद्यातच आहे म्हणून सांगतो, पार्सल उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या, आठवड्यात येईल अशी ऑर्डर देऊ नका. सगळं गाव गच्चीवर असतं, तुमचा बर्फाचा डबा कुरियरच्या गोदामात वितळत पडतो. मे महिन्यात तर सोमवारीच रवाना करायला सांगायचं, शनिवार-रविवार मध्ये यायला नको.