सुमनने ते पन्नास रुपये का भरले?

प्रिय मित्रा,

तुझी पिग्मी एजंटची, म्हणजे दुकानोदुकानी फिरून पतसंस्थेसाठी रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्या सुमनची कथा सावकाश वाचली. पहिली काही पानं सुमनची नुसती माहिती आहे: वय, शिक्षण, सासर, नवऱ्याची सुटलेली नोकरी, लहानपणी वडील गेल्याचं दुःख. हे सगळं तुला ठाऊक असायलाच हवं, ते जमवण्यात गेलेला वेळ फुकट नाही. पण ते तुझ्या वहीत राहू दे. मला सुमन पहिल्यांदा दिसली ती सातव्या पानावर. सलूनवाला आजारी आहे, दुकान बंद आहे, आणि ती त्याच्या खात्यात स्वतःच्या पर्समधले पन्नास रुपये भरते. मशीनमधून आलेली पावती घडी घालून आतल्या कप्प्यात ठेवते. इथे मी सावरून बसलो. आणि लगेच पुढे तू लिहितोस, 'सुमन मुळातच हळवी होती.' हे वाक्य काढून टाक. त्याने तिच्याबद्दलचं सगळं कुतूहलच संपतं.

त्या पन्नास रुपयांमागे काय असेल, यावर मुक्काम कर. खातं बंद पडलं तर तिचं कमिशन बुडेल, हे एक कारण. त्याने कधीतरी तिची अडचण भागवली होती, हे दुसरं. तिचा त्याच्यावर जीव आहे, हेही चालेल, पण त्या वाटेने फार कथा गेल्या आहेत. आता हे बघ. मागच्या महिन्यात त्याने दिलेले पैसे तिने भरलेच नव्हते, मुलाच्या क्लासची फी द्यायची होती. 'मशीन बिघडलंय, पावती उद्या देते,' असं ती सांगत राहिली आणि तो 'असू द्या ताई' म्हणत राहिला. आता तो दवाखान्यात आहे आणि ती रोज थोडे थोडे भरून खड्डा बुजवतेय. कृती तीच, पावती तीच. पण आता दवाखान्याचं बिल द्यायला त्याची बायको पासबुक घेऊन पतसंस्थेत येणार, आणि त्याआधी रक्कम पुरी व्हायला हवी. कथानक वेगळं रचावं लागलं नाही, ते सुमनच्या गरजेतून आणि तिच्या लपवाछपवीतून आलं. शिवाय ती आता हळवीही आहे आणि लबाडही, आणि वाचक तिला सोडून जाणार नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी या नजरेने पुन्हा वाच. पेरणीच्या वेळी बैल कमी पडतो तेव्हा शेकूची बायको स्वतः औताला जुंपून घेते. ती कशी बाई आहे हे त्यानंतर कुणी सांगायची गरज उरत नाही. मास्तरकडेही तसंच बघ. त्याला शाळा चालवायची आहे, पण मुलं मेंढरांमागे रानात. पोरं शाळेत यावीत म्हणून तो वाडीच्या भानगडींत ओढला जातो, लोकांची कामं करतो, तालीम उभी करतो. वाडी त्याची होते, आणि मग दुष्काळ येतो. त्यात खलनायक कुणीच नाही. तुझ्या कथेत मात्र पतसंस्थेचा मॅनेजर खलनायक झालाय, आणि त्याच्यामुळे सुमनला काही ठरवावंच लागत नाही, नुसतं पकडलं जावं लागतं.

संवादांचं म्हणशील तर तुझे किराणावाला, भेळवाला आणि मॅनेजर एकाच तोंडाने बोलतात. उद्धव शेळके यांनी 'धग' या कादंबरीत (१९६०) नायिका कौतिकच्या तोंडी अस्सल वऱ्हाडी ठेवली आणि निवेदन प्रमाण मराठीत केलं. बोली ही तिथे सजावट नाही, त्या बाईची जिद्द आणि चिडचिड त्याच शब्दांत आहे. तुझ्या गावच्या बाजारपेठेची बोली तू रोज ऐकतोस, मग ती कागदावर यायला का लाजते? एखाद्या एजंटबाईंना विचारून संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिर. कोण मान वर न करता गल्ल्यातून नोट काढून देतो, कोण मुद्दाम सुट्टे नाहीत म्हणतो, कोण चहा घ्याच म्हणून थांबवतो, ते बघ. दुकानदार 'उद्या या' कसं म्हणतो ते नीट ऐक. प्रत्येकाचं 'उद्या या' वेगळं असतं आणि ते तसंच लिहिता आलं तर वर्णनाची अर्धी पानं वाचतील.

आता शेवट. कबुली, अश्रू, माफी हे सगळं सध्या बाजूला ठेव. सलूनवाल्याची बायको पासबुक काउंटरवर ठेवते, तिथून लिहायला घे. मॅनेजरला त्या दिवशी रजेवर पाठव. काउंटरपाशी सुमन आणि ती, दोघीच हव्यात. सुमन काय बोलेल हे आधी ठरवू नकोस, ती बाई काय विचारते ते आधी लिही. तिला सगळं माहीत असण्याचीही शक्यता आहे, तीही लिहून बघ. दोन-तीन वेगवेगळे प्रसंग होतील, त्यातला कुठला खरा ते वाचताना तुझं तुला कळेल.

दिवाळी अंकाची मुदत गाठायची म्हणून घाई करू नकोस. यंदाचा अंक हुकला तर पुढच्या वर्षी आहेच. आणि सलूनवाल्याच्या बायकोला तू अजून नावच दिलेलं नाहीस, तेवढं आधी दे.

कळावे.