ताण की तणाव?

एका ताईंनी विचारलंय: ‘मुलगी अकरावीला मानसशास्त्र शिकतेय. स्ट्रेसला तिच्या वहीत कुठे ताण, कुठे तणाव, कुठे ताणतणाव लिहिलंय. बरोबर कुठलं?’

ताणतणाव आधी बाजूला काढू. कामधंदा, बाजारहाट यांच्या जातीचा जोडशब्द तो. बोलायला बरा, पण व्याख्येत सैल पडतो. उरले दोन.

मराठी कान या दोघांत फरक करतो. ‘गावात तणाव आहे’ म्हटलं की चौकात पोलिसांची गाडी उभी दिसते. ‘गावात ताण आहे’ असं कोणी म्हणत नाही. उलट ‘मला पेपरचा ताण आलाय’ हे सहज, ‘मला तणाव आलाय’ हे हिंदी बातम्या ऐकून आल्यासारखं. तणाव दोघांच्या मधे असतो, ताण एकाच्या आत. (तंबूच्या दोरांना तणावे म्हणतात, तेही दोन टोकांमधेच ओढलेले असतात.) म्हणून मानसशास्त्राच्या वहीत मी ताण लिहीन.

गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्दच गोंधळातून आलाय. संप्रेरकांचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये मॉन्ट्रियलहून एक छोटं टिपण छापलं. थंडी असो, जखम असो की विषारी द्रव्य, उंदरांच्या शरीरात बदल एकाच साच्याचे होत होते: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, जठरात व्रण. या अवस्थेला त्यांनी पुढे स्ट्रेस म्हटलं. पण भौतिकशास्त्रात स्ट्रेस म्हणजे प्रतिबल, वस्तूवर येणारा दाब किंवा ओढ. वस्तूत जो बदल होतो तो स्ट्रेन, म्हणजे विकृती. सेल्येंना खरं तर दुसरा शब्द हवा होता. तेव्हा इंग्रजी कच्चं होतं, अशी कबुली त्यांनीच नंतर दिली. शब्द परिणामावर खर्ची पडला, मग कारणासाठी ‘स्ट्रेसर’ हा नवा घडवावा लागला. आपण त्याला ताणकारक म्हणतो. रोजच्या बोलण्यात मात्र आपल्याला त्याचीही गरज पडत नाही, विभक्ती ते काम करते: ‘परीक्षेचा’ म्हटलं की कारण कळलं, ‘मला’ म्हटलं की सोसणारा.

ताण वाईटच असतो असंही नाही, आणि हे समजावायला माझ्या मते पुस्तकापेक्षा संत्र्याची बाग बरी. बहार धरायचा तर बागाईतदार झाडांचं पाणी तोडतो. ‘बागेला ताण दिलाय’ म्हणतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत जास्त. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग खत-पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलावर येतं. ताण बसलाच नाही तर नुसती पालवी, आणि फार लांबला तर फांद्या वाळतात. सेल्येंनीही उपकारक ताणाला ‘युस्ट्रेस’ असं वेगळं नाव दिलं होतं.

मुलीच्या पुढच्या धड्यात स्मरण असेलच. तिथे वाक्य असं करता येईल: ‘ताणामुळे रक्तातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि पाठ असलेलंही ऐन वेळी आठवत नाही.’ इथे तणाव घालून पाहा, वाक्य लगेच परकं वाटेल.

आणि पेपर संपल्यावर ती दुपारभर झोपली, तर त्यालाही आपण ‘ताणून दिली’च म्हणतो.